सशाचं नाव ठेवू नका

सप्टेंबर २०१७ मध्ये व्हेनेझुएलाच्या सरकारने 'प्लान कोनेहो' म्हणजे ससा योजना जाहीर केली. देशात अन्नाचा तुटवडा होता. २०१४ पासून तेलाचे भाव कोसळले होते आणि बाहेरून धान्य-मांस आणायला पैसा पुरत नव्हता. गरीब वस्त्यांमध्ये ससे वाटायचे, लोकांनी ते घरी वाढवायचे आणि खायचे, असा बेत होता. शहरी शेतीचे मंत्री फ्रेडी बेर्नाल यांनी टीव्हीवर पहिल्या वाटपाची हकिकत सांगितली. लोकांनी सशांना रिबिनी बांधल्या, त्यांची नावं ठेवली, काहींनी तर त्यांना अंथरुणात घेतलं. मंत्री म्हणाले, ससा लाड करायला नाही, ते अडीच किलो मांस आहे.

या किश्शावर जगभर हसून झालं. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे मला आधी यातलं गणित दिसलं. गणित तर चोख आहे.

सशाच्या मादीला पिल्लं व्हायला साधारण ३१ दिवस लागतात. वर्षाला चार वेत आणि दर वेताला सहा पिल्लं धरली, तरी एका मादीमागे चोवीस ससे. अडीच-तीन महिन्यांत ते कापण्याजोगे होतात. त्यातलं निम्मं वजन कातडी, हाडं, आतडी यांत गेलं, तरी वर्षाला पंचवीस-तीस किलो मांस हाती येतं. गाईला गोठा लागतो, बकरीला चरायला रान लागतं. सशाला लाकडी खुराडं पुरतं आणि तो आवाज करत नाही. गवत, भाजीची देठं, कोबीची वरची पानं खातो. एकदा पचवलेलं अन्न मऊ लेंड्यांच्या रूपात पुन्हा खातो, म्हणून निकृष्ट चाऱ्यातूनही त्याला बरंच पोषण मिळतं.

हे गणित ब्रिटनने पाऊण शतक आधी मांडलं होतं. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्या देशाचं बहुतेक अन्न जहाजांनी येत होतं आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजं बुडवत होत्या. ८ जानेवारी १९४० ला रेशनिंग सुरू झालं, मार्चमध्ये मांसही रेशनवर आलं. ससा मात्र रेशनबाहेर राहिला. परसदारी खुराडी उभी राहिली, सशांचे क्लब निघाले. मुलं शाळेतून येताना रस्त्याकडेचा पाला तोडून आणू लागली.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. 'स्वावलंबी व्हा' असं सांगून ब्रिटिश सरकार मोकळं झालं नाही. क्लबातल्या सभासदांना सशांसाठी कोंडा मिळत असे. घरी कोंबड्या पाळणाऱ्याने आपल्या वाट्याची रेशनची अंडी सोडली, तर त्याबदली कोंबड्यांचं खाद्य मिळे. डुकरं पाळायची असतील तर शेजाऱ्यांनी क्लब करायचा, खरकटं गोळा करायचं, मांस वाटून घ्यायचं. आणि या सगळ्याच्या खाली रेशन होतंच. ससा आजारी पडून मेला, तरी घर उपाशी राहत नव्हतं. ससा हा वरचा घास होता.

आता त्याच साम्राज्याचं दुसरं टोक पाहू. १९४२ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशातून पुढे येईल या भीतीने सरकारने बंगालच्या किनारपट्टीवर होड्या ताब्यात घ्यायला सुरुवात केली. दहापेक्षा जास्त माणसं नेऊ शकतील अशा हजारो होड्या काढून घेतल्या, मोडल्या किंवा बुडवल्या. त्या होड्यांवर मासेमारी चाले, धान्य बाजाराला जाई, नदीपलीकडची शेती होई. म्हणजे ज्यांच्याजवळ पोट भरायचं स्वतःचं साधन होतं, त्यांचं साधनच गेलं. १९४३ मध्ये भाताचे भाव आभाळाला भिडले. मुंबईत त्याच वर्षी रेशनिंग सुरू झालं, कलकत्त्यात ते यायला १९४४ उजाडलं. या दुष्काळात मेलेल्यांचे अंदाज वीस ते तीस लाखांच्या घरात आहेत.

अमर्त्य सेन यांनी लहानपणी हा दुष्काळ पाहिला होता. १९८१ च्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या पुस्तकात त्यांनी दाखवलं की केवळ धान्य कमी पडलं म्हणून माणसं मेली नाहीत. ते मिळवायची ऐपत आणि हक्क ज्यांच्याकडे उरला नाही ती मेली. त्यांत शेतमजूर होते, कोळी होते, गावातले कारागीर होते. आयुष्यभर स्वतःच्या हातांवर जगलेली ही माणसं. त्यांना स्वावलंबन शिकवायची गरज नव्हती.

म्हणून 'आत्मनिर्भर व्हा' हा उपदेश ऐकला की मी एक प्रश्न विचारतो: कोंडा कोण देणार? आमच्या कामात प्रत्येक प्रोग्रॅम दुसऱ्या कुणीतरी लिहिलेल्या शेकडो तुकड्यांवर उभा असतो. त्याला आम्ही डिपेंडन्सी म्हणतो. डिपेंडन्सी नसलेला प्रोग्रॅम मी अजून पाहिलेला नाही. मला विचाराल तर स्वावलंबी माणूस तो, जो आपण कशाकशावर टेकून आहोत हे ओळखतो आणि त्यातल्या एक-दोन गोष्टी तरी हाताने करायला शिकतो. आपल्याकडे परसात चार कोंबड्या ठेवणाऱ्या बाया हेच करत आल्या. अंड्यांचे पैसे त्यांचे स्वतःचे, पण पिल्लांवर घार आली की ओरडायला शेजारीण लागे.

ब्रिटनमध्ये १९५३ मध्ये सशांमध्ये मिक्झोमॅटोसिसची साथ आली. जंगली ससे बहुतांश मेले आणि सुजलेल्या डोळ्यांचे आंधळे ससे रस्त्यांवर पाहून लोकांचं मन त्या मांसावरून उडालं. ४ जुलै १९५४ ला मांसावरचं रेशनिंगही उठलं. पुढे बहुतेक घरांत ससा फक्त पाळायला आणि गोष्टीत उरला. खरं तर बीट्रिक्स पॉटरच्या १९०२ च्या पीटर रॅबिटच्या गोष्टीतही पीटरच्या बापाचा पाय झालेला आहे. पाय म्हणजे मांस भरून भट्टीत भाजलेला पदार्थ. ही गोष्ट लहान मुलांना तशीच सांगितली गेली, कारण तेव्हाच्या मुलांना ताटात काय येतं ते ठाऊक होतं.

आज मी मांस फोनवरून मागवतो, तेव्हा जनावर मारायचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी हातांनी झालेलं असतं. घरी ससा वाढवणाऱ्याला ही सोय नाही. ज्या हाताने पाला घातला त्याच हाताने मान मोडायची असते. स्वावलंबनाचा हा भाग कुठल्याच सरकारी योजनेच्या कागदावर येत नाही.

त्यामुळे रिबिनी बांधणाऱ्या त्या लोकांना मी हसू शकत नाही. भुकेल्या वस्तीत आपल्याहून लहान जीव हाती आला आणि त्यांना आधी त्याला सांभाळावंसं वाटलं. त्यांना ससा दिला गेला, पण ब्रिटनमध्ये खुराड्याच्या खाली जे रेशन होतं, तसा भरवशाचा आधार त्यांच्याखाली नव्हता. तो उभा करणं सरकारचं काम होतं, आणि लोकांनी सशाचं नाव ठेवलं की नाही यावर ते अवलंबून नव्हतं.