ट्रॅव्हल ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाची निवड

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची व बहुधा स्नानगृहाचीही सोय असलेले, स्वतःचे इंजिन नसलेले चाकांवरचे घर. ते मोटारीच्या किंवा पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढले जाते. अमेरिका व कॅनडात त्याला ट्रॅव्हल ट्रेलर, तर ब्रिटन, युरोप व ऑस्ट्रेलियात कॅराव्हॅन म्हणतात. अशा ट्रेलरसाठी योग्य वाहन निवडणे हा प्रामुख्याने वजनाच्या हिशेबाचा विषय आहे. इंजिनाची ताकद हा त्यातील एकच भाग असून आधुनिक वाहनांत तो बहुतेक वेळा सर्वांत कमी अडचणीचा असतो. जाहिरातीत ठळकपणे छापलेली ओढक्षमता पाहून वाहन घेणारे अनेक जण दुसऱ्याच एखाद्या मर्यादेपाशी अडतात, आणि ती मर्यादा त्यांना बऱ्याचदा ट्रेलर विकत घेतल्यानंतर कळते.

वजनांची परिभाषा

उत्पादक प्रत्येक वाहनासाठी अनेक कमाल मर्यादा ठरवून देतो. वाहन, त्यातील माणसे, सामान व ट्रेलरचा वाहनावर टेकणारा भार या सर्वांची मिळून जी मर्यादा असते तिला अमेरिकेत जी.व्ही.डब्ल्यू.आर. म्हणतात. वाहन आणि ट्रेलर या दोहोंच्या एकत्रित वजनाची मर्यादा म्हणजे जी.सी.डब्ल्यू.आर. पुढच्या व मागच्या आसांची मर्यादा निराळी असते. हिच, म्हणजे वाहनामागचा ट्रेलर अडकवण्याचा सांगाडा, यालाही स्वतःची मर्यादा असते. यांपैकी जी मर्यादा आधी संपेल तीच त्या वाहनाची खरी क्षमता होय.

वाहनात माणसे व सामान मिळून किती भार घालता येतो, म्हणजेच त्याची भारक्षमता (पेलोड), हे अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या वाहनांच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर छापलेले असते. हा आकडा त्या विशिष्ट वाहनापुरता असतो. एकाच नावाच्या दोन पिकअपमध्ये तो बराच निराळा असू शकतो, कारण काचेचे छत, चामड्याच्या विजेवर हलणाऱ्या आसनांसारख्या चैनीच्या सोयी आणि चारचाकी चालन या सर्वांचे वजन भारक्षमतेतूनच वजा होते. महागडी आवृत्ती घेतली म्हणजे जास्त ओझे नेता येईल हा समज त्यामुळे बहुधा उलटा ठरतो.

ट्रेलरच्या बाबतीत रिकामे वजन आणि कमाल एकूण वजन हे दोन आकडे दिलेले असतात. विक्रेते रिकाम्या वजनावर भर देतात. पण त्यात पाणी, भांडी, अंथरूण-पांघरूण, अन्न यांपैकी काहीच धरलेले नसते, आणि नंतर बसवलेली बॅटरी किंवा वातानुकूलन यंत्रही पुष्कळदा सुटलेले असते. प्रवासाला निघालेला ट्रेलर रिकामा कधीच नसतो. म्हणून वाहनाचा हिशेब ट्रेलरच्या कमाल एकूण वजनावरच करणे सुरक्षित असते.

जोडावरचा भार

ट्रेलरचे सगळे वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर पडत नाही. काही भाग पुढच्या दांड्यातून ओढणाऱ्या वाहनाच्या मागच्या भागावर टेकतो. याला अमेरिकेत टंग वेट म्हणतात. अमेरिकी रीतीच्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये हा भार भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असा संकेत आहे.

बैलगाडी भरणाऱ्यांना हे तत्त्व फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मागे माल जास्त झाला की गाडी उलार होते, जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाला की सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते. ट्रेलरचेही तसेच आहे. फरक इतकाच की उलार ट्रेलर ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असतो आणि त्याचा परिणाम डुलण्याच्या रूपाने दिसतो. उलटपक्षी जोडावरचा भार फार झाला तर वाहनाचा मागचा भाग दबतो, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू व पुढचे ब्रेक या दोहोंची पकड कमी होते.

जड ट्रेलरसाठी भार विभागणारा हिच वापरतात. त्यातील पोलादी स्प्रिंग-दांडे तरफेप्रमाणे काम करून मागच्या आसावरचा काही भार पुढच्या आसाकडे व ट्रेलरच्या आसांकडे वळवतात. वाहन पुन्हा समपातळीत येते. मात्र या साधनाने ओढक्षमता किंवा जी.व्ही.डब्ल्यू.आर. वाढत नाही. वजन नाहीसे होत नाही, त्याची फक्त वाटणी बदलते.

कोणती मर्यादा आधी संपते

उदाहरणादाखल असे वाहन घेऊ, की ज्याची जाहिरातीतील ओढक्षमता ४,००० किलो आणि दारावरच्या पट्टीवरील भारक्षमता ६५० किलो आहे. ट्रेलरचे रिकामे वजन २,५०० किलो व कमाल एकूण वजन ३,२०० किलो आहे. वरवर पाहता ८०० किलोंची सवड दिसते. जोडावरचा भार १३ टक्के धरला तर तो ४१६ किलो होतो. हिचचे वजन सुमारे ४५ किलो. आई-वडील व दोन मुले मिळून २४० किलो. बेरीज ७०१ किलो होते, म्हणजे सामानाची एकही पेटी, सायकल किंवा कुत्रा न घेता भारक्षमता ५१ किलोंनी ओलांडली गेली. इंजिनाला हा ट्रेलर सहज ओढता येईल. मागचा आस, टायर आणि स्प्रिंगा मात्र मर्यादेपलीकडे काम करत राहतील. हाच ट्रेलर रिकाम्या वजनावर मोजला असता तर सगळे ठीक दिसले असते. कुटुंबासह जाणाऱ्यांच्या बाबतीत भारक्षमता ओढक्षमतेच्या आधी संपते, हे या विषयातील सर्वांत दुर्लक्षित सत्य आहे.

ओढक्षमतेची चाचणी

पूर्वी अमेरिकेत प्रत्येक उत्पादक ओढक्षमता आपापल्या रीतीने ठरवत असे, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना निरर्थक होती. सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स या संस्थेने २००८ साली जे-२८०७ हे मानक प्रसिद्ध केले. टोयोटाने २०११ च्या नमुन्यांपासून ते सर्वप्रथम स्वीकारले आणि त्यामुळे तिच्या टुंड्रा पिकअपचे छापील आकडे कमी झाले. स्पर्धक कंपन्यांनी आपले मोठे आकडे कमी करण्यास बराच वेळ घेतला. २०१५ च्या सुमारास प्रमुख अमेरिकी उत्पादकही त्यात आले.

या मानकातील सर्वांत प्रसिद्ध चाचणी डेव्हिस डॅम चढाची आहे. अ‍ॅरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीजवळील बुलहेड सिटीकडून वर जाणाऱ्या राज्यमार्ग ६८ वरचा हा चढ ११.४ मैल, म्हणजे सुमारे १८ किलोमीटर लांबीचा असून त्यात सुमारे ९०० मीटर उंची चढावी लागते. हवेचे तापमान किमान ३८ अंश सेल्सियस असावे, वातानुकूलन यंत्र पूर्ण चालू असावे आणि तरीही वेग ताशी ४० मैलांच्या (सुमारे ६४ किलोमीटर) खाली येऊ नये, अशी अट आहे. मागे दुहेरी चाके असलेल्या वाहनांना ही मर्यादा ताशी ३५ मैल आहे. याशिवाय वेग घेणे, थांबणे, चढावर सुटणे व डुलण्यावर नियंत्रण यांच्याही कसोट्या आहेत.

मानकामुळे तुलना शक्य झाली, पण एक गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. ओढक्षमतेच्या आकड्यात प्रत्येकी ६८ किलो वजनाची दोनच माणसे वाहनात धरलेली असतात. त्यांच्यापलीकडचा प्रत्येक प्रवासी व प्रत्येक पेटी त्या आकड्यातून वजा करावी लागते.

डुलणे आणि स्थैर्य

ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागणे हा ओढप्रवासातील सर्वांत मोठा धोका आहे. आडवा वारा, शेजारून वेगाने जाणारा मालट्रक किंवा उतारावर वाढलेला वेग यांनी त्याची सुरुवात होते. प्रत्येक जोडगाडीचा एक निर्णायक वेग असतो. त्याखाली झोका आपोआप शमतो, त्यावर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. शेवटी ट्रेलर वाहनालाच ओढू लागतो आणि दोन्ही उलटू शकतात.

ट्रेलरच्या मागच्या भागात जड सामान ठेवल्याने हा निर्णायक वेग खाली येतो. ओढणाऱ्या वाहनाची लांबी व वजनही महत्त्वाचे आहे. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर जितके जास्त, आणि मागच्या आसापासून जोडाच्या गोळ्यापर्यंतचे अंतर जितके कमी, तितके वाहन स्थिर राहते. आखूड पण ताकदवान जीप लांब ट्रेलरला नीट आवरू शकत नाही ती यामुळेच.

झोका सुरू झाल्यास प्रवेगकावरून पाय काढावा, सुकाणू सरळ धरावे व ट्रेलरचे ब्रेक हाताने लावावेत असे सांगितले जाते. वेग वाढवून ट्रेलर सरळ करू पाहणे किंवा सुकाणू उलटसुलट फिरवणे घातक ठरते.

इंजिन, उंची आणि ब्रेक

ट्रॅव्हल ट्रेलरचा पुढचा भाग भिंतीसारखा रुंद असतो. हवेचा विरोध मोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून सपाट रस्त्यावरही ट्रेलरच्या वजनापेक्षा त्याची उंची-रुंदी इंधन जास्त खाते. विजेवर चालणाऱ्या वाहनांचा एका चार्जिंगमधील पल्ला ट्रेलर जोडल्यावर अनेकदा निम्म्यावर येतो.

टर्बोचार्जर नसलेले इंजिन उंचीवर दर ३०० मीटरमागे सुमारे ३ टक्के शक्ती गमावते. कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तेथे अशा इंजिनाची जवळपास एकतृतीयांश शक्ती उरलेली नसते. डिझेल इंजिनाचा बलाघूर्ण कमी फेऱ्यांतच मिळतो आणि एक्झॉस्ट ब्रेक असल्यास उतारावर मोठी मदत होते, परंतु ते जड असल्याने त्याच वाहनाची भारक्षमता पेट्रोल आवृत्तीपेक्षा कमी भरते.

चढ हळू चढला तर केवळ वेळ जातो. उताराचे तसे नाही. सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होतात, म्हणून उतरण्याआधीच खालचा गिअर टाकणे आवश्यक असते. अमेरिकी ट्रेलरला विद्युत ब्रेक असतात व ते चालवण्यासाठी वाहनात नियंत्रक बसवावा लागतो. युरोपीय कॅराव्हॅनमध्ये ट्रेलर पुढे ढकलला गेला की त्या दाबानेच लागणारे यांत्रिक ब्रेक प्रचलित आहेत.

वाहनांचे प्रकार

मोटारी व लहान एसयूव्ही हलक्या, घडीच्या किंवा अश्रुबिंदूच्या आकाराच्या ट्रेलरपुरत्या योग्य. मध्यम ट्रेलरसाठी मोठ्या एसयूव्ही व फोर्ड एफ-१५० सारखे ‘अर्धा टन’ पिकअप वापरतात. हे नाव जुन्या काळच्या भारक्षमतेचा अवशेष आहे. आज त्याचा प्रत्यक्ष क्षमतेशी संबंध नाही. त्याहून जड ट्रेलरसाठी ‘पाऊण टन’ व ‘एक टन’ पिकअप लागतात.

इतर देशांतील नियम

युरोपात कॅराव्हॅन हलक्या असतात आणि जोडावरचा भारही कमी, बहुधा ट्रेलरच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के, ठेवला जातो. ब्रिटनमध्ये नवशिक्यांनी कॅराव्हॅनचे भरलेले वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे असा सल्ला दिला जातो. हा कायदा नव्हे, संकेत आहे. तेथे १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या मोटारीच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. युरोपीय संघात साध्या ‘बी’ परवान्यावर ७५० किलोपेक्षा जड ट्रेलर ओढताना दोहोंची मिळून ३,५०० किलोंची मर्यादा पाळावी लागते. तिच्यापुढे ‘बी-९६’ किंवा ‘बीई’ मान्यता लागते.

ऑस्ट्रेलियात ३,५०० किलो ओढक्षमतेची जाहिरात सर्रास दिसते. समजा, अशा वाहनाचे स्वतःचे वजन २,२०० किलो व संयुक्त मर्यादा ६,००० किलो आहे. पूर्ण भरलेली कॅराव्हॅन जोडल्यावर चालक, प्रवासी, इंधनाव्यतिरिक्तचे सर्व सामान व पुढे बसवलेला पोलादी संरक्षक दांडा यांसाठी फक्त ३०० किलो उरतात. चार प्रौढ माणसे बसली की तो हिशेब संपतो.

वजन करून पाहणे

या सर्व आकड्यांची खातरजमा वजनकाट्यावरच होते. अमेरिकेत महामार्गावरील ट्रक-थांब्यांवर कॅट स्केल कंपनीचे काटे असून त्यावर पुढचा आस, मागचा आस व ट्रेलरचे आस यांचे वजन एकाच वेळी स्वतंत्रपणे मिळते. पाण्याच्या टाक्या, सामान व माणसे यांसह प्रवासाला निघतानाच्या स्थितीत वजन करावे. नंतर ट्रेलर सोडून केवळ वाहनाचे वजन केल्यास दोन्ही नोंदींच्या फरकावरून जोडावरचा भार काढता येतो.

भारतातील स्थिती

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील व्याख्येनुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. मात्र भारतात कॅराव्हॅन म्हणून दिसते ते बहुधा स्वतःचे इंजिन असलेले वाहन. मोटारीमागे जोडलेले घर विरळाच. ट्रॅक्टरमागची ट्रॉली ग्रामीण भागात सर्वपरिचित असली, तरी तिचा अनुभव येथे फारसा उपयोगी पडत नाही. ट्रेलर डुलू लागतो त्या वेगाला ट्रॅक्टर कधी पोहोचतच नाही.