तान्ह्या बाळाचा अचानक मृत्यू : घरच्यांना इतके प्रश्न का विचारतात?

राहाता : रात्री दूध पिऊन झोपलेलं बाळ सकाळी उठतच नाही. घर हादरून जातं. त्यात पोलीस विचारतात, बाळ कुठं झोपलं होतं, शेजारी कोण होतं, याआधी मूल दगावलं होतं का? दुःखातल्या घराला हा संशय वाटतो. 'बाळाची चिरफाड नको' म्हणून दफन घाईनं उरकण्याकडे कल होतो. पण या प्रश्नांच्या उत्तरांवरच तपास पुष्कळ अवलंबून असतो.

शवविच्छेदनात सगळं दिसत नाही

गोधडीत नाक दबून श्वास कोंडला, तरी बाळाच्या अंगावर खूण राहीलच असं नाही. झोपेत कारण न कळता बाळ गेलं, तरी शवविच्छेदनात तसंच चित्र दिसू शकतं. मग फरक कळतो तो झोपण्याच्या जागेवरून आणि घरच्यांच्या जबाबावरून. संशयास्पद किंवा अपघाती मृत्यूत पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पंचनामा करतात आणि गरजेनुसार शवविच्छेदनाला पाठवतात.

कोणता प्रश्न कशासाठी?

- नात्यात लग्न झालंय का? मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवीन नाही. अशा जोडप्यांच्या मुलांत काही आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते.
- आधी मूल गेलं होतं का? एकाच घरात दोन बाळं जाण्यामागे असा आजार असू शकतो.
- चूल, शेगडी कुठं होती? बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती राहिली तर विषारी वायू साचतो. ऊसतोड कुटुंबाच्या कोपीत थंडी आणि धूर दोन्ही बघावे लागतात.
- काय पाजलं होतं? गुटी, घरगुती औषध, मोठ्यांचं खोकल्याचं औषध, सगळं सांगावं.
- बाळ पडलं होतं का? सांगितलेली हकीकत आणि अंगावरच्या जखमा जुळत नसतील, तर खरा गुन्हाही इथंच उघडा पडतो.

परिस्थिती म्हणजे पुरावा नव्हे

गरिबी, तिसरी मुलगी, सासू-सुनेचं भांडण, यावरून कोणी दोषी ठरत नाही. ऑस्ट्रेलियात कॅथलीन फोलबिग या आईला चार मुलांच्या मृत्यूसाठी २००३ मध्ये दोषी ठरवलं गेलं. स्वतःला दोष देत तिनं डायरीत लिहिलेलं तिच्याच विरुद्ध वापरलं गेलं. पुढं तिच्या दोन मुलींमध्ये हृदयाचे ठोके बिघडवू शकणारा जनुकीय दोष सापडला. २० वर्षं तुरुंगात काढल्यावर २०२३ मध्ये ती सुटली आणि शिक्षाही रद्द झाली. मुलं गेलेली आई स्वतःला दोष देते, तो गुन्ह्याचा कबुलीजबाब नसतो.

आरोग्य खात्याची चौकशी वेगळी

आशाताई, नर्सताई घरी येतात ते बालमृत्यू अन्वेषणासाठी. त्यात कोणाला शिक्षा करायची नसते. उपचाराला उशीर का झाला, गाडी मिळाली का, हे बघायचं असतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं घरच्यांना विचारूनच बाळं कशानं जातात ते शोधलं आणि गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

अशी वेळ आली तर

- बाळ हालचाल करत नसेल तर लगेच १०८ ला फोन करा.
- मृत्यू झाला असेल तर पोलीस पाटील किंवा ११२ ला कळवा.
- अंथरूण, दुधाची बाटली, औषधं धुऊ नका, फेकू नका.
- लसीकरणाचं कार्ड आणि दवाखान्याचे कागद जवळ ठेवा.
- माहीत आहे तेच सांगा. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा. जबाब वाचून घ्या.
- ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा.
- शवविच्छेदनाचा अहवाल मागून घ्या. आनुवंशिक आजार निघाला, तर पुढच्या बाळंतपणाआधी तो डॉक्टरांना दाखवा.