अपुऱ्या साधनांतील अधिकारी

तलमडुगुच्या परिसरात मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या चारही भाषा कानी पडतात. आम्ही राज्य शासनाच्या सेवेत आयुष्य वेचले. माणसे थोडी, कामे उदंड आणि वरून सततचा तगादा, ही तक्रार प्रत्येक कचेरीत ऐकली. अशा स्थितीत आपल्या पेशाचा अभिमान टिकावा कशाच्या बळावर? या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे.

१९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीम पोलिसांच्या गोळीला बळी पडले. जंगले राखीव झाली होती आणि गोंडांच्या वहितीतील जमिनी बाहेरून आलेल्यांच्या नावे चढत होत्या. त्या आलेल्यांत मराठी कुळेही होती, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पुढे निझाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्याकडे येथील पाहणीचे काम सोपविले. त्यातून आदिवासींना जमिनीचे पट्टे देण्याच्या कामास गती आली आणि १९४३ मध्ये मारलवाई येथे शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले.

या केंद्राजवळ काय होते? गोंडीतून शिकविणारा शिक्षक नव्हता, क्रमिक पुस्तकही नव्हते. जुजबी मराठी लिहिता-वाचता येणारे मोजके गोंड तरुण हेच भांडवल. त्यांनाच शिक्षक म्हणून घडविले गेले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापण्यात आली.

याच कामात निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी होते. हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेतील हे अधिकारी. दुभाष्यावर विसंबणारा अधिकारी दुभाष्याच्याच डोळ्यांनी पाहतो. आणि ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे आहे तोच पुष्कळदा दुभाषी असतो. पगडींनी गोंडी व कोलामी या भाषा आत्मसात केल्या, त्यांची व्याकरणे लिहिली आणि आदिलाबादच्या गोंडांवर ग्रंथही सिद्ध केला. जमिनीच्या प्रश्नात न्याय करताना स्वभाषकांचे हितसंबंध आड येण्याचा संभव होता. तेथेही अधिकाऱ्याची निष्ठा जातीशी वा भाषेशी नव्हे, कामाशी असावी लागते.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट व राजुरा तालुके मुंबई राज्यात गेले, आपला भाग आंध्र प्रदेशात राहिला. गोंडीतून शिक्षणाचा प्रयोग मागे पडला आणि शाळांत तेलुगू आली. पगडी पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटिअरचे संपादक झाले. १९९२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. मारलवाई २०१६ पासून कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे.

प्रयोग संपला म्हणून ते श्रम वाया गेले, असे आम्हास वाटत नाही. खुर्ची, शिपाई, निधी ही शासनाची देणगी. ती कमी-अधिक होते, बदलीबरोबर सुटते. ज्यांच्यासाठी काम करावयाचे त्यांची भाषा आणि त्यांचे दुःख जाणणे, ही मात्र स्वतःची कमाई. आज आपल्या घरांतील मुले-मुली शाळांत, दवाखान्यांत, तहसील कचेऱ्यांत अपुऱ्या साधनांनिशी राबत आहेत. त्यांनी शासनाकडे साधने अवश्य मागावीत. परंतु ती येईपर्यंत, समोर उभ्या असलेल्या कोलामाचे गाऱ्हाणे त्याच्याच भाषेत ऐकण्याची तयारी ठेवावी.