पाठवले, पण पोचले का?

प्रत्येक मराठी मुलखाचे एक ठरलेले गाव असते. त्याचे नुसते नाव घेतले तरी समोरच्याची थट्टा होते. पुणेकर येरवडा म्हणतात, मुंबईकर ठाणे म्हणतात. तळकोकणात रत्नागिरी, बेळगावकडे धारवाड. हैदराबादला पिढ्यानपिढ्या राहिलेला मराठी माणूस एर्रागड्डा म्हणेल आणि उत्तरेत जाऊन स्थिरावलेले आपले लोक आग्रा किंवा रांची. आमच्या गोव्यात पूर्वी आल्तिनो म्हणत, आता बांबोळी म्हणतात. गंमत अशी की येरवडा म्हटल्यावर ऐकणाऱ्याला दोन इमारती आठवतात, एक तुरुंग आणि दुसरे मनोरुग्णालय. बोलणाऱ्याला त्यातली नेमकी कुठली म्हणायची आहे, हे बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसते. ह्या गोंधळाला इतिहास आहे, आणि आज त्याबद्दलच लिहायचे आहे.

ह्या सगळ्या थट्टांमधले क्रियापद एकच आहे, 'पाठवणे'. 'ह्याला एकदा आल्तिनोला पाठवा रे!' नेणे नाही, पोचवणे नाही. पाठवणे. पाठवणारा आपल्या जागी राहतो आणि ज्याला पाठवले तो दिसेनासा होतो.

गोव्यातल्या एका उपक्रमात काही वर्षे माझ्याकडे ह्या 'पाठवण्या'वर देखरेख करण्याचे काम आले. एखाद्या घरात कुणी चार दिवस दार लावून बसला आहे, बसस्टँडवर कुणी स्वतःशीच बोलत फिरते आहे, कुणी औषध पिऊन वाचला आहे पण पुन्हा तेच बोलतो आहे, अशी खबर आली की कार्यकर्ते तिथे जातात, बोलतात, आणि गरज असेल तर चिठ्ठी देऊन पुढे पाठवतात. सरकारी भाषेत ह्याला 'रेफरल' म्हणतात, आणि दवाखान्याच्या भाषेत 'रेफर मारणे'. संध्याकाळी ती नोंदवही माझ्या टेबलावर येते. तिच्यात तीन रकाने महत्त्वाचे: कोणी कळवले, कुठे पाठवले, पोचले का. पहिले दोन सुवाच्य अक्षरात भरलेले असतात. तिसरा पुष्कळदा कोरा. त्या कोऱ्या रकान्यामुळेच मी जुने कायदे आणि जुने अहवाल वाचायला लागलो. ही चिठ्ठी आपल्याकडे आली कुठून, हे मला बघायचे होते.

चिठ्ठी नव्हती तेव्हाही पाठवणे होतेच. गोव्यात आधी देवळात कौल लावायचा, घाड्याला विचारायचे, ख्रिस्ती घरात पाद्रीकडून आशीर्वाद घ्यायचा. गोवा, बेळगाव, कोल्हापूर, सोलापूर ह्या पट्ट्यातून माणसे गाणगापूरला दत्ताच्या दारी नेली जात, आजही नेली जातात. ह्या वाटांचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. साखळदंड ह्याच वाटेवर होते, मारझोडही होती. एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. गाणगापूरला कुणी एकटा पाठवला जात नसे. आई, भाऊ, मामा, कुणीतरी सोबत जाई आणि तिथे राही.

सरकार ह्या व्यवहारात शिरले ते कायद्याच्या दाराने. १८५८ साली ब्रिटिश हिंदुस्थानात वेड्यांसंबंधीचे कायदे झाले. त्यांची जागा १९१२ च्या 'इंडियन लुनसी अ‍ॅक्ट'ने घेतली. ह्या कायद्याखाली घरच्यांनी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, सोबत दोन डॉक्टरांची प्रमाणपत्रे जोडायची, आणि मॅजिस्ट्रेटने 'रिसेप्शन ऑर्डर' काढायची. रस्त्यावर भटकणारा असेल तर पोलीस त्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभा करत. म्हणजे पहिली सरकारी चिठ्ठी डॉक्टरची नव्हतीच, ती कोर्टाचा हुकूम होती. तिचा हेतू बरे करणे हाही असेल, पण आधी बंदोबस्त. त्याआधी बराच काळ ही इस्पितळे तुरुंग खात्याच्या देखरेखीखाली होती, हे कळले की 'येरवडा' ह्या शब्दातला गोंधळ निव्वळ विनोदाचा उरत नाही.

गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्य होते, म्हणून इंग्रजांचा हा कायदा इथे लागू नव्हता. पण पणजीच्या आल्तिनो टेकडीवरच्या मनोरुग्णालयाला जे नाव मिळाले ते मात्र विलक्षण: आबाद फारिया. कांदोळीला १७५६ साली जन्मलेला हा गोंयकार पाद्री पॅरिसला जाऊन १८१३ पासून संमोहनावर व्याख्याने देऊ लागला आणि १८१९ साली तिथेच वारला. त्याच्या आधीचे लोक म्हणत की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकी द्रव्य वाहते आणि त्याने माणूस निद्रिस्त होतो. फारिया म्हणाला, छे, जे घडते ते त्या माणसाच्या स्वतःच्याच मनात घडते. जुन्या सचिवालयाशेजारचा त्याचा पुतळा (मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला) पर्यटक फोटोसाठी बघतात. पण रुग्णाचे स्वतःचे मन हीच मुख्य गोष्ट आहे, हे दोनशे वर्षांपूर्वी सांगणाऱ्या माणसाचे नाव जिथे लागले, ते ठिकाण लोकांच्या तोंडी शिवी होऊन बसले. १९८० साली त्या रुग्णालयाची 'मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था' झाली आणि पुढे ती बांबोळीला गेली. शिवीही तिच्या पाठोपाठ टेकडी उतरली. असो.

पाठवायचे म्हटले तरी जागा किती होती? १९४६ च्या भोर समितीने हिशेब मांडला तो असा: सबंध देशात मनोरुग्णांसाठी सुमारे दहा हजार खाटा, म्हणजे साधारण चाळीस हजार लोकांमागे एक. इंग्लंडमध्ये हेच प्रमाण तीनशे लोकांमागे एक होते. मग उरलेले कुठे जात? काही घरात कोंडले जात, काही रस्त्यावर राहत, आणि काही तुरुंगात जात. अंगावर गुन्हा नसलेली माणसे निव्वळ 'सुरक्षित ठेवण्यासाठी' म्हणून वर्षानुवर्षे तुरुंगात पडून होती. पत्रकार शीला बारसे हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९९३ साली न्यायालयाने सांगितले की गुन्हेगार नसलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर आणि घटनाबाह्य आहे. स्वातंत्र्याला तोवर शेहेचाळीस वर्षे झाली होती.

रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर ह्या तीन रुग्णालयांची अवस्था अशी होती की १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावर लक्ष ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवले. ग्वाल्हेर म्हटले की आपल्याला शिंदे सरकार आणि तिथली गायकी आठवते. आयोगाच्या यादीत हे नाव वाचताना म्हणून जरा थबकायला होते. पाठवणाऱ्यावर नव्हे, तर जिथे पाठवले जाते त्या ठिकाणावर देखरेख हवी, हा विचार इथे पक्का झाला.

दुसरीकडे, सगळ्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवायचेच कशाला, असे विचारणारे डॉक्टरही ह्याच देशात होते. १९७५ च्या सुमारास हरियाणात रायपूर रानी आणि बंगळूरजवळ साकलवाडा इथे प्रयोग झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर आणि आरोग्यसेवक थोड्या प्रशिक्षणाने पुष्कळ रुग्ण तिथल्या तिथे सांभाळू शकतात, असे त्यातून दिसले. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. १९८५ पासून बेळ्ळारी जिल्ह्यात त्याचा नमुना उभा राहिला आणि १९९६ साली जिल्हा कार्यक्रम म्हणून तो चार जिल्ह्यांत सुरू झाला. आता चिठ्ठी उलट्या दिशेनेही जाऊ लागली: अवघड रुग्ण वर पाठवा, सावरलेला खाली परत पाठवा, आणि गोळ्या त्याला गावातच मिळू द्या.

गोव्याने ह्यात आपली भर घातली. १९९६ साली इथे 'संगाथ' ही संस्था उभी राहिली. तिने चोवीस दवाखान्यांत, अर्धे सरकारी आणि अर्धे खाजगी, एक अभ्यास केला. वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून समुपदेशक केले, त्यांच्यावर तज्ज्ञांची देखरेख ठेवली, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे ही शेवटची पायरी धरली. निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आले. सरकारी केंद्रांत ह्या पद्धतीने रुग्णांना स्पष्ट फायदा झाला होता. शिकवलेला शेजारी आणि त्याच्या पाठीशी असलेला तज्ज्ञ, ही जोडी काम करते.

कायदा मात्र सावकाश चालत होता. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १ एप्रिल १९९३ ला अंमलात आला, तरी वाट मॅजिस्ट्रेटवरूनच जात होती. पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या माणसाला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत येरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि २८ माणसे गेली. ती पळू शकली नाहीत, कारण ती साखळीने बांधलेली होती. त्यांनाही कुणीतरी पाठवलेलेच होते, तेही बरे होण्यासाठी.

२०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातही चोवीस तासच आहेत, पण मुक्काम बदलला आहे. आता पोलिसांनी अशा माणसाला चोवीस तासांत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचे. कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचे नाही. तपासणीची व्यवस्था तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने करायची. माणूस बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची तक्रार नोंदवून घरच्यांचा शोध घ्यायचा. साखळीला सरळ बंदी. एका हुकमाची चिठ्ठी व्हायला १९१२ पासून शंभरावर वर्षे लागली.

आत्महत्येच्या प्रयत्नाबाबत ह्याच कायद्याने सांगितले की तो माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरा, आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य माना. १८६० च्या दंडसंहितेतले ३०९ वे कलम १ जुलै २०२४ ला नव्या न्यायसंहितेबरोबर गेले. ह्या कलमाने केलेले नुकसान नोंदवहीत कधीच दिसले नसते. पोलीस नकोत म्हणून घरचे 'चुकून औषध प्यायला' असे सांगत, डॉक्टर तसेच लिहीत, पोट धुऊन माणूस घरी जाई आणि मनाच्या डॉक्टरची चिठ्ठी कधी लिहिलीच जात नसे. ते कलम गेले तरी ते वाक्य लोकांच्या तोंडून अजून गेलेले नाही.

१० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की राज्यातल्या केंद्रावरचा समुपदेशक बोलतो आणि गरज पडली तर तज्ज्ञाकडे जोडून देतो. पूर्वी मॅजिस्ट्रेटकडे जावे लागे तिथे आता फोन पुरतो, हा बदल लहान नाही. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांबाहेर आढळले होते. कायदा, कार्यक्रम, क्रमांक, सगळे असूनही माणूस वाटेत कुठे हरवतो?

ह्याचे उत्तर मला पुस्तकात नाही, त्या तिसऱ्या रकान्यात सापडले. कोऱ्या जागांबद्दल आम्ही एकेक घर विचारत गेलो. कुणाची त्या दिवसाची मजुरी बुडणार होती. कुणाला इस्पितळात कुठल्या खिडकीपाशी उभे राहायचे ते ठाऊक नव्हते. दोडामार्गाकडून आलेल्याला बस बदलायची होती. बांधकामावरच्या कन्नड माणसाच्या हातात इंग्रजी चिठ्ठी होती. आणि अनेकांना त्या गावाच्या नावाचीच लाज वाटत होती. 'बांबोळीला कशाला? म्हणजे मी वेडा?' ह्यातल्या एकाही अडचणीवर मानसोपचारतज्ज्ञाची गरज नव्हती. तिथे सोबतीची गरज होती.

म्हणून आम्ही वहीत चौथा रकाना आखला: सोबत कोण? शेजारीण, अंगणवाडीतली बाई, मुकादम, पंच, आमचा कार्यकर्ता, कुणीही चालेल, पण नाव हवे. नाव नसेल तर ती चिठ्ठी अपुरी समजून मी परत देतो. जिथे ते नाव लिहिलेले असते तिथे तिसरा रकाना सहसा कोरा राहत नाही, हा माझा रोजचा अनुभव आहे. कर्जतला 'श्रद्धा' संस्था (स्थापना १९८८) रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरे करून देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या त्यांच्या घरी नेऊन सोडते. डॉ. भरत वाटवानींना २०१८ साली त्याबद्दल मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथेही शेवटचा टप्पा हाच आहे: कार्यकर्ता घराच्या दारापर्यंत सोबत जातो.

शंभर-दीडशे वर्षांत कोणी पाठवायचे आणि कुठे पाठवायचे, हे दोन प्रश्न कायद्याने बऱ्यापैकी सोडवले. तिसरा प्रश्न कायद्याच्या हाती नाही. गाणगापूरला निघालेल्या घराला तो पडतच नव्हता. दवा आता कितीतरी चांगली आहे, पण सोबत जाणाऱ्याची जागा रिकामी ठेवून चालणार नाही. पुढच्या वेळी कुणी थट्टेत म्हणाले, 'ह्याला बांबोळीला पाठवा', तर हसण्याआधी एवढेच विचारावे: बरे, पण सोबत कोण जातेय?