मैला टाकीचा उपसा

मैला टाकीचा उपसा म्हणजे शौचालयाला जोडलेल्या बंदिस्त टाकीत साचलेला गाळ, साय व सांडपाणी ठरावीक काळाने बाहेर काढून त्यांची सुरक्षित विल्हेवाट लावणे होय. या टाकीला बोलीभाषेत 'सेप्टिक टँक', 'संडासाची टाकी' किंवा नुसते 'टाके' असे म्हणतात. भूमिगत गटारे नसलेल्या लहान शहरांत व खेड्यांत बहुतेक पक्क्या शौचालयांचा मैला अशा टाकीत किंवा शोषखड्ड्यात जातो. त्यामुळे उपसा ही घराच्या देखभालीची बाब असली, तरी तिचा थेट संबंध विहिरींच्या पाण्याशी, सार्वजनिक आरोग्याशी आणि सफाई कामगारांच्या जिवाशी आहे. महाराष्ट्रातील वर्धा जिल्ह्याला या विषयाच्या इतिहासात विशेष स्थान आहे.

टाकीची रचना व कार्य

मैला टाकीत आलेल्या द्रव्याचे तीन थर होतात. जड घन पदार्थ तळाशी बसून गाळ तयार होतो, तेल व हलके पदार्थ वर तरंगून साय धरते आणि मधल्या थरातील पाणी निर्गम नळीवाटे शोषखड्ड्यात जाते. हवेवाचून जगणारे जिवाणू तळाच्या गाळाचे विघटन करतात. या क्रियेत गाळाचे आकारमान घटते, परंतु तो पूर्णपणे नाहीसा होत नाही. म्हणूनच कोणतीही मैला टाकी कायमची 'न भरणारी' नसते.

भारतीय मानक २४७० नुसार टाकीची रुंदी किमान ७५ सेंटीमीटर, पाण्याच्या पातळीखालील खोली किमान १ मीटर आणि द्रवधारण क्षमता किमान १,००० लिटर असावी लागते. लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट ठेवतात. पाच माणसांच्या कुटुंबासाठी दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद व एक मीटर खोल टाकी पुरेशी ठरते. वायू बाहेर जाण्यासाठी उंच वायुनळी आणि उपशासाठी उघडता येणारे झाकण आवश्यक असते. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा, असा संकेत आहे.

प्रत्यक्षात पुन्हा पुन्हा उपसा करावा लागू नये, या समजुतीने अनेक घरांत फार मोठ्या टाक्या बांधल्या जातात. काही ठिकाणी झाकणावर फरशी बसवली जाते, तर काही ठिकाणी निर्गम नळी थेट उघड्या नालीत सोडली जाते. अशा टाकीतील अर्धवट कुजलेला मैला वस्तीतून वाहत जातो.

वर्धा जिल्ह्यातील काळ्या मातीमुळे यात आणखी एक अडचण येते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि पाणी फारच हळू शोषते. त्यामुळे भर पावसात शोषखड्डे तुंबतात आणि टाकी भरली नसतानाही शौचालयातील पाणी मागे फिरते. अशा वेळी केवळ टाकी उपसून प्रश्न सुटत नाही. शोषखड्ड्याभोवती वाळू व खडीचा थर देणे किंवा दुसरा शोषखड्डा जोडणे हाच उपाय असतो.

उपशाची वेळ

सामान्यतः दोन ते तीन वर्षांनी एकदा उपसा करावा, अशी शिफारस आहे. गाळ व साय मिळून टाकीची निम्मी जागा व्यापली गेली की वेळ झाली, असे समजतात. गाळाची जाडी मोजण्यासाठी बांबूच्या काठीला पांढरे फडके गुंडाळून ती झाकणातून तळापर्यंत सोडतात व थोड्या वेळाने वर घेतात. फडक्याचा काळा झालेला भाग गाळाची उंची दाखवतो.

उपसा हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात करणे सोयीचे असते. पावसाळ्यात भूजलाची पातळी वर आलेली असल्यास रिकामी केलेली हलकी टाकी, विशेषतः प्लॅस्टिकची किंवा फायबरची, बाहेरील पाण्याच्या दाबाने उचलली जाण्याचा धोका असतो. त्या काळात उपसा अटळ असेल, तर टाकी लगेच साध्या पाण्याने भरून घेतात.

पद्धत

उपशासाठी निर्वात पंप बसवलेली टाकीगाडी वापरतात. तिला 'मैला गाडी' किंवा 'सक्शन गाडी' म्हणतात. कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असतो :

१. दोन्ही झाकणे उघडून टाकी काही काळ मोकळी ठेवतात. आसपास विडी, दिवा किंवा ठिणगी उडवणारी कोणतीही वस्तू नसावी. मुले व गुरे दूर ठेवतात.

२. जाड नळी टाकीत सोडून पंप सुरू करतात. गाळ घट्ट झाला असल्यास बाहेरूनच पाण्याचा झोत मारून किंवा लांब दांड्याने ढवळून तो सैल करतात.

३. प्रथम साय व पाणी आणि नंतर तळाचा गाळ ओढून घेतात. पुढील विघटनासाठी जिवाणू शिल्लक राहावेत म्हणून थोडा गाळ टाकीत राहू देतात.

४. टाकी ॲसिड, फिनाईल वा साबणाने धूत नाहीत, कारण त्याने उपयुक्त जिवाणू मरतात. बाजारात मिळणाऱ्या 'टाकी साफ करणाऱ्या' पुड्या उपशाला पर्याय ठरत नाहीत.

५. झाकणे घट्ट बसवतात. नळी, हातमोजे व परिसर यांचे निर्जंतुकीकरण करतात आणि कामगार साबणाने अंग धुतात.

या संपूर्ण क्रमात माणसाने टाकीत उतरण्याची पायरी नाही. उतरल्याशिवाय साफ होणार नाही, असे वाटणाऱ्या टाकीत दोष बहुधा झाकणाच्या जागेचा किंवा बांधकामाचा असतो, आणि तो बांधकामातच दुरुस्त करावयाचा असतो.

धोके

टाकीत मिथेन, कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे वायू साठतात आणि प्राणवायूचे प्रमाण घटते. मिथेन ज्वलनशील आहे. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, परंतु दहा लाखांत सुमारे १०० भाग एवढ्या प्रमाणानंतर घ्राणेंद्रिय बधिर होऊन वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका टळला, ही समजूत म्हणूनच घातक आहे. याच्या कित्येक पट प्रमाणात माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. पेटती मेणबत्ती वा कंदील सोडून वायूची परीक्षा करण्याची जुनी रीतही धोक्याची आहे, कारण तिने मिथेनचा भडका उडू शकतो आणि हायड्रोजन सल्फाइडचे अस्तित्व कळत नाही.

अशा अपघातांत अनेकदा एकापेक्षा अधिक माणसे दगावतात. पहिला माणूस कोसळल्यावर त्याचा भाऊ, सोबती किंवा घरमालक त्याला वाचवण्यासाठी तसाच खाली उतरतो आणि तोही बेशुद्ध पडतो. कोणी आत पडल्यास स्वतः न उतरता अग्निशमन दलाला बोलावणे, झाकणे उघडी ठेवणे व शक्य असल्यास बाहेरून हवा सोडणे, हाच योग्य मार्ग आहे.

कायदा

हाताने मैला उचलण्यास १९९३ च्या कायद्याने प्रथम बंदी घालण्यात आली. त्यानंतर 'हाताने मैला उचलणारे कामगार म्हणून नेमणुकीस प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम, २०१३' हा अधिक व्यापक कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला. त्यातील कलम ७ नुसार गटार वा मैला टाकीची धोकादायक सफाई करण्यासाठी कोणालाही कामावर लावता येत नाही. पहिल्या उल्लंघनास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यापुढील उल्लंघनास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कामगाराने संमती दिली होती, हा बचाव ठरत नाही.

२७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलन विरुद्ध भारत सरकार या खटल्यात गटार वा टाकीत मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ही रक्कम तीस लाख रुपये करण्यात आली. यंत्राने उपसा करून घेण्यासाठी १४४२० हा मदत क्रमांक ठरवण्यात आला आहे.

वर्धा जिल्हा व मैला सफाई

महात्मा गांधी १९३४ साली वर्ध्यास आले. मगनवाडीत राहत असताना ते व त्यांचे सहकारी लगतच्या सिंदी या गावी सकाळी मैला सफाईसाठी जात. मैल्यावर माती टाकून तो झाकावा व त्याचे खत करावे, हा त्यामागील विचार होता. १९३६ साली गांधीजी शेगाव येथे राहावयास गेले. हेच गाव पुढे सेवाग्राम म्हणून ओळखले जाऊ लागले. तेथील आश्रमात संडास साफ करणे हे आश्रमवासीयांचेच काम होते. विनोबा भावे यांनी १९४६ च्या सुमारास पवनार येथील आश्रमातून जवळच्या सुरगावला रोज जाऊन खांद्यावर फावडे घेऊन भंगीकाम केले.

याच परंपरेत कोकणातील अप्पासाहेब पटवर्धन यांचे कार्य येते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैला सफाईचे काम आपणास मिळावे, असा आग्रह त्यांनी धरला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपोषण केले. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात पटवर्धन यांनी सोनखत देणाऱ्या सोप्या संडासांचे प्रयोग केले.

या विचारावर टीकाही झाली. जन्माने लादलेल्या कामाला पवित्र सेवा म्हटल्याने ते लादणारी व्यवस्था बदलत नाही, असा आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात घेतला. काम कोणी करावे याबरोबरच ते माणसाच्या हातून मुळीच का व्हावे, हा पुढील काळातील कायद्यांचा व तंत्रज्ञानाचा मध्यवर्ती प्रश्न ठरला.

१९७६ साली वर्ध्यात स्थापन झालेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने ग्रामीण स्वच्छता व जैववायू या क्षेत्रांत काम केले आहे.

उपसलेल्या मैल्याची विल्हेवाट

ताजा उपसलेला मैला नाला, नदी, शेत वा माळरानावर सोडणे धोक्याचे असते. त्यात जंतांची अंडी व रोगजंतू दीर्घकाळ टिकून राहतात. वर्धा, वेणा, धाम व यशोदा या नद्यांच्या खोऱ्यांत असा मैला पावसाच्या पाण्यासोबत सहज प्रवाहात मिसळू शकतो. गाळ वाळवण वाफ्यांत सुकवून किंवा उष्णतेने निर्जंतुक करून मगच त्याचा खतासाठी उपयोग करतात.

महाराष्ट्रात वाई (जि. सातारा) व सिन्नर (जि. नाशिक) या शहरांनी मैला प्रक्रिया केंद्रे उभारून 'तक्रार आल्यावर उपसा' ऐवजी वेळापत्रकानुसार प्रत्येक घराचा उपसा करण्याची पद्धत सुरू केली.

खेड्यांत दोन खड्ड्यांचे शौचालय हा सोपा पर्याय आहे. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवतात. बंद केलेल्या खड्ड्यातील मैल्याचे दीड ते दोन वर्षांत कोरडे, वासरहित सोनखत होते व ते फावड्याने काढता येते. मात्र दोन्ही खड्डे एकाच वेळी वापरल्यास या रचनेचा हेतूच नष्ट होतो.

वाहनांतील टाक्या

फिरत्या घरांत, म्हणजे कॅरॅव्हॅनमध्ये, स्वच्छ पाणी, धुण्याचे सांडपाणी व मैला यांसाठी स्वतंत्र टाक्या असतात. त्या केवळ ठरवून दिलेल्या जागी रिकाम्या करतात. प्रथम मैल्याची व नंतर सांडपाण्याची टाकी सोडतात, म्हणजे दुसऱ्या पाण्याने नळी धुतली जाते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले.

थंड देशांत हिवाळ्यापूर्वी या वाहनांतील नळ, पंप व उष्णजल टाकी पूर्ण रिकामी करतात, कारण गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढून नळ्या फुटतात. उरलेल्या पाण्यासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलचे गोठणरोधक द्रावण घालतात. एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने ते वर्ज्य मानतात. विदर्भात तापमान गोठणबिंदूपर्यंत उतरत नसल्याने ही काळजी घ्यावी लागत नाही. येथे उन्हाळ्यात न वापरलेल्या टाकीत साठलेले पाणी खराब होणे, ही अधिक नेहमीची अडचण असते.

भारतीय रेल्वेने डब्यांत जैव-शौचालये बसवून मैला रुळांवर पडण्याची जुनी पद्धत बंद केली. संरक्षण संशोधन व विकास संस्थेने हे तंत्र मुळात अतिथंड, उंच प्रदेशातील सैनिकांसाठी विकसित केले होते.

हेही पहा

सोनखत, शोषखड्डा, जैववायू, सेवाग्राम, संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान