गावात दूरशिक्षण आणि टेलिमेडिसिनचे केंद्र काढायचे आहे? अनुदानाच्या अर्जाआधी कागद तपासा

दहावीनंतर मुलीला शिकवायचे तर ज्युनियर कॉलेज वीस-पंचवीस किलोमीटरवर, आणि परतीची शेवटची एसटी संध्याकाळी लवकर. अम्मीची शुगर वाढली तर तज्ज्ञ डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे तिचा एक दिवस गेला आणि सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडाली. कोकणातला खाडीकाठचा मोहल्ला असो की मराठवाड्यातले गाव, अडचण हीच. मग जमातीच्या बैठकीत कोणीतरी सुचवते, शाळेची एक खोली रिकामी आहे, तिथे इंटरनेट घेऊ, मोठा टीव्ही लावू. मुली ऑनलाइन शिकतील, वडीलधाऱ्यांना डॉक्टर स्क्रीनवर भेटेल. कल्पना चांगलीच आहे. लगेच पुढचा प्रश्न येतो, कुठल्या स्कीममधून पैसे मिळतील?

अमेरिकेत ग्रामीण भागातल्या दूरशिक्षणासाठी आणि टेलिमेडिसिनसाठी तिथल्या कृषी खात्याचे एक वेगळे अनुदान आहे. आपल्याकडे असे एका खिडकीवरचे अनुदान शोधत बसू नये. इथे खोली एकाकडून, साहित्य दुसऱ्याकडून आणि महिन्याचा खर्च तिसऱ्याकडून, अशी जुळवाजुळव करावी लागते. आणि आमच्या पाहण्यात अर्ज बहुतेक वेळा अडकतात ते योजनेत नव्हे, तर अर्ज करणाऱ्या संस्थेच्या कागदपत्रांत. म्हणून आधी कागदांचे बोलू.

ट्रस्ट डीड काढा आणि वाचा

संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आहे, एवढ्याने भागत नाही. कंपनीचा सीएसआर निधी हवा असेल तर संस्थेकडे पॅन, आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला क्रमांक लागतो. १ एप्रिल २०२१ पासून हा क्रमांक सक्तीचा आहे. १२ए आणि ८०जी या नोंदण्याही आता कायमच्या राहिलेल्या नाहीत, ठरावीक वर्षांनी त्यांचे नूतनीकरण करावे लागते. जुने सर्टिफिकेट फ्रेम करून ऑफिसात लावले आहे आणि मुदत कधीच संपली आहे, असे सर्रास होते. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरही नोंद करून ठेवा. सरकारी निधीसाठी तो क्रमांक विचारला जातो.

खरी मेख ८०जीमध्ये आहे. जी संस्था फक्त एखाद्या धर्माच्या किंवा जातीच्या लोकांसाठी असल्याचे तिच्या घटनेत म्हटले आहे, तिला ८०जी मिळत नाही. आपल्या कित्येक जुन्या ट्रस्टच्या डीडमध्ये 'मुस्लिम समाजातील गरजूंसाठी' असे शब्द आहेत. लिहिणाऱ्या बुजुर्गांची नियत साफ होती, आपल्या बिरादरीचे भले व्हावे एवढेच. पण त्या एका ओळीमुळे ८०जी अडते, ८०जी नाही म्हणून सीएसआर-१ नाही, आणि तो नाही म्हणून कंपनी फाइल उघडतही नाही. मशीद-कब्रस्तान सांभाळणाऱ्या ट्रस्टचीही हीच अडचण, कारण तिचा मूळ हेतूच धार्मिक असतो.

यावर उपाय दोन. डीडमध्ये दुरुस्ती करायची, किंवा शिक्षण आणि आरोग्यासाठी सर्वांना खुली अशी वेगळी संस्था काढायची. दुरुस्ती नुसत्या ठरावाने होत नाही, तिची कायदेशीर प्रक्रिया आहे, वकील आणि सीए दोघांना विचारूनच पाऊल टाका. नवी संस्था काढली तर दुसरी अट आडवी येते. बाहेरच्या संस्थेमार्फत सीएसआरचे काम करायचे असेल तर त्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे आज ट्रस्ट नोंदवला आणि पुढच्या मार्चमध्ये निधी आला, असे होणार नाही. तोपर्यंत लहान प्रमाणावर, स्वतःच्या पैशाने काम सुरू करा आणि त्याचा हिशेब ठेवा. किंवा जिल्ह्यातली एखादी जुनी शिक्षणसंस्था किंवा हॉस्पिटल ट्रस्ट सोबत घ्या. अर्ज त्यांच्या नावाने, केंद्र तुमच्या गावात. यात कमीपणा मानायचे कारण नाही.

'सर्वांसाठी खुले' म्हटले की काही जण नाराज होतात. पण गावातल्या केंद्रात शेजारच्या वाडीतली म्हातारी बीपी दाखवायला आली तर आपले काय जाते? मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम १८७४ पासून काम करते आहे, तिच्या शाळा-कॉलेजांत सर्व समाजांची मुले शिकली. खुले ठेवल्याने आपल्या मुलींची जागा जात नाही, उलट केंद्र टिकण्याची शक्यता वाढते.

एक गोष्ट आणखी. विश्वस्त बदलले, कोणाचा इंतकाल झाला, तर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. कित्येक संस्थांच्या सरकारी नोंदीत अजून मरहूम सदर साहेबांचेच नाव आहे आणि सह्या मात्र त्यांचे चिरंजीव करतात. देणगीदार सगळ्यात आधी हेच पाहतो.

पैसा कुठून येऊ शकतो

आधी जे मिळत नाही ते सांगतो, म्हणजे चकरा वाचतील. मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन २०२४ मध्ये बंद करण्यात आले, तरी अजून लोक त्याचा फॉर्म विचारतात. प्रधानमंत्री जन विकास कार्यक्रम, म्हणजे पूर्वीचा एमएसडीपी, चालू आहे, पण तो निधी खाजगी ट्रस्टच्या खात्यात येत नाही. त्यातून सरकारी मालकीच्या शाळा, वसतिगृहे, आरोग्य केंद्रे उभी राहतात आणि प्रस्ताव जिल्हा प्रशासनाकडून राज्य सरकारमार्फत जातो. गावच्या उपकेंद्राला किंवा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेला सुविधा हवी असेल, तर ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन त्यासाठी मागे लागणे हेच योग्य. खासदार निधीतून प्रार्थनास्थळाच्या आवारात काम करता येत नाही. म्हणून खोली मशिदीला लागून घेऊ नका, शाळेत घ्या.

शाळा शासनमान्य असेल आणि तिथे अल्पसंख्याक विद्यार्थी ७० टक्के किंवा जास्त असतील, तर राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची पायाभूत सुविधा अनुदान योजना पाहा. संगणक कक्ष, प्रोजेक्टर, इन्व्हर्टर, फर्निचर या गोष्टी त्यात बसतात. प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. रकमेची मर्यादा आणि तारखा ताज्या शासन निर्णयात पाहा, मागच्या वर्षीची झेरॉक्स वापरू नका.

सीएसआरचा मार्ग लांबचा असला तरी आमच्या मते गावासाठी तोच जास्त उपयोगी, कारण त्यातून वस्तूंबरोबर चालू खर्चही मिळू शकतो. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नक्त नफा, यांपैकी एकही निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. शिक्षण आणि आरोग्य दोन्ही त्या यादीत आहेत. कंपनीने आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही कायदा म्हणतो. म्हणून मुंबईतल्या मोठ्या नावांना पत्रे पाठवण्याआधी लोटे-परशुराम, महाड, रोहा, वाळूज अशी जी एमआयडीसी तुमच्याजवळ असेल तिथे जा. कोणत्या कंपनीने कुठल्या राज्यात, कशावर किती खर्च केला, हे केंद्र सरकारच्या सीएसआर पोर्टलवर कोणालाही पाहता येते. कंपनीचे वर्ष एप्रिलला सुरू होते आणि वर्षाची योजना संचालक मंडळ मंजूर करते. त्यामुळे प्रस्ताव हिवाळ्यातच त्यांच्या टेबलावर असावा.

आखाताचा आणि परदेशाचा पैसा

कोकणातल्या मोहल्ल्यांचा मोठा आधार म्हणजे बाहेर असलेली माणसे. इथे एक फरक पक्का ध्यानात ठेवा. कुवेत, दुबई किंवा सौदीला नोकरी करणारा भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल आणि आपल्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. पण इंग्लंड किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या ज्या नातलगाने तिथले नागरिकत्व घेतले आहे, त्याची देणगी विदेशीच. तो मूळचा आपल्याच गावचा असला आणि त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरीही. ती घ्यायला एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी आणि त्या काळात तिने १५ लाख रुपये आपल्या कामावर खर्च केलेले हवेत. पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. 'चाचांनी लंडनहून पाठवले, जमा करून टाका' हे अजिबात चालत नाही. देणगीदाराच्या पासपोर्टची प्रत फाइलला लावण्याची सवय ठेवा.

जकातीबद्दलही विचारणा होते. जकातीत हकदाराला रकमेचा मालक करावे लागते, त्यामुळे टीव्ही, इंटरनेट किंवा पगार यांना जकात लावण्याआधी आपल्या मुफ्ती साहेबांना विचारा. त्यासाठी लिल्लाह आणि नफली सदका वेगळा गोळा करावा. गरजू मुलीची परीक्षा फी ही वेगळी बाब, तिथे जकात थेट तिच्या हातात देता येते.

मागायचे काय

अर्जात टीव्ही, लॅपटॉप आणि उद्घाटन एवढेच असते, म्हणून वर्षभरात खोलीला कुलूप लागते. खरे तर शिकवणारा आणि तपासणारा विकत आणायची गरज नाही, तो आधीच मोफत आहे. ई-संजीवनी ही सरकारी टेलिमेडिसिन सेवा आहे. २०१९ मध्ये ती आरोग्य केंद्रांसाठी सुरू झाली आणि एप्रिल २०२० पासून रुग्णाला घरूनही डॉक्टरशी बोलता येते, फी नाही. गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, ती कोणत्या वेळी चालते हे आधी तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला विचारा, म्हणजे तेच काम दोनदा होणार नाही. शिक्षणाचेही तसेच. दहावी-बारावी एनआयओएसमधून होते, उर्दू माध्यमातूनही. पुढे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे, उर्दूतून शिकणाऱ्यांसाठी हैदराबादचे 'मानू' आहे. स्वयम पोर्टलवरचे वर्ग मोफत पाहता येतात.

मग पैसा कशाला हवा? हे सगळे चालवणाऱ्या माणसाला. फॉर्म भरून देणारी, परीक्षेची तारीख लक्षात ठेवणारी, बीपी आणि शुगर मोजून डॉक्टरला कॉल लावणारी गावातलीच एखादी शिकलेली मुलगी. बायकांना तिच्यासमोर बोलायला संकोचही वाटणार नाही. समजा साहित्याला २ लाख लागले आणि तिचे मानधन, इंटरनेट, वीज, शुगरच्या पट्ट्या मिळून महिन्याला १५,००० रुपये. तीन वर्षांचे झाले ५ लाख ४० हजार. एकूण ७ लाख ४० हजारांत साहित्य पावभागाच्या आसपास आहे. अर्ज फक्त साहित्याचा केला तर उरलेला भार जमातीच्या वर्गणीवर पडतो. म्हणून तीन वर्षांचा प्रकल्प म्हणून मागा, आणि त्यानंतर खर्च कोण उचलेल तेही लिहा. दरमहा कुटुंबामागे वर्गणी ठरली असेल तर तो ठराव जोडा.

प्रस्तावाच्या पहिल्या पानावर जमातीचा इतिहास आणि पदाधिकाऱ्यांचे फोटो नकोत. घरे किती, दहावीनंतर शाळा सुटलेल्या मुली किती, शुगर-बीपीचे रुग्ण किती, ग्रामीण रुग्णालय किती लांब आणि जाण्या-येण्याचे भाडे किती, एवढे लिहा. हे आकडे चार मुलांना घरोघर पाठवले तर दोन रविवारांत मिळतात. शाळा सुटलेल्या मुलींची यादी मात्र नावानिशी जोडू नका, फक्त संख्या द्या. रुग्णांच्या आजाराची नोंदही कुलपात राहू द्या, ती कार्यकारिणीच्या बैठकीत वाचायची गोष्ट नाही.

निधी आला की वेगळे बँक खाते किंवा निदान वेगळे खातेपान ठेवा, प्रत्येक वस्तूवर नंबर टाका, आणि सीएकडून विनियोग प्रमाणपत्र वेळेत घ्या. सीएसआरच्या पुढच्या हप्त्यासाठी कंपनी तेच मागते.