‘द फन दे हॅड’ : उपरोधाचा आधार

आयझॅक असिमॉव्ह यांची ‘द फन दे हॅड’ ही जेमतेम हजारएक शब्दांची कथा १९५१ साली मुलांसाठीच्या वृत्तपत्रीय पानावर प्रथम छापली गेली. ऑर्वेल यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) तेव्हा ताजी होती. त्या कादंबरीतील दहशत येथे नावालाही नाही. २१५७ सालातील अकरा वर्षांची मार्गी घरातच यांत्रिक शिक्षकासमोर बसून शिकते. तेरा वर्षांच्या टॉमीला माळ्यावर छापील पुस्तक सापडते, त्यातून जुन्या शाळांचा पत्ता लागतो, आणि यंत्र अपूर्णांकांची बेरीज शिकवू लागले असता मार्गीला त्या शाळांतील मुलांचा हेवा वाटू लागतो. घटना एवढीच.

कथेचे बळ उपरोधात आहे. मार्गी जिला आनंदनिधान समजते ती शाळा १९५१च्या बालवाचकाला रोज भोगावी लागत होती. निवेदक मार्गीच्या समजुतीत कोठेही दुरुस्ती करीत नाही. कुमारसाहित्यात हा संयम विरळाच. गृहपाठ छिद्रांच्या सांकेतिक लिपीत लिहून यंत्राच्या फटीत सरकवणे तिला सर्वांत नकोसे वाटते. मुलांचा तिटकारा व्यवस्थेवर नव्हे, अशा एखाद्या फटीवर जडतो, हे लेखकाने अचूक हेरले आहे. भाकीत म्हणून मात्र कथेची थोरवी गाण्यात अर्थ नाही. स्किनर यांचे अध्यापनयंत्र १९५४चे असले, तरी प्रेसी यांनी १९२०च्या दशकातच परीक्षा घेणारे यंत्र घडविले होते.

शाळा कोणी व का मोडल्या, याविषयी कथा मौन पाळते. लघुकथेकडून सारा इतिहास मागता येणार नाही. पण डिस्टोपियाला सत्तेची किमान चाहूल तरी हवी. येथे सत्तेचा प्रतिनिधी एकच : यंत्र दुरुस्त करणारा, मार्गीला सफरचंद देणारा गोलमटोल तपासनीस. शिक्षक प्रत्येक मुलाच्या मनाशी जुळवलेला असावा लागतो, असे मार्गीची आई सांगते. तपासनीस मात्र भूगोलाचा वेग दहा वर्षांच्या सरासरी मुलाच्या बेताने उतरवतो. मन की सरासरी? कथेतील खरे भय या विसंगतीत होते, आणि निवेदन तेथे थांबतच नाही.

दुसरी उणीव वाचनाच्या इतिहासाने उघड केली. भारतात एनसीईआरटीच्या नववीच्या ‘बीहाइव्ह’ (२००६) या इंग्रजी पाठ्यपुस्तकात ही कथा समाविष्ट झाली, म्हणजे ती बाकावर बसून वाचली जाऊ लागली. उपरोधाला हवा तो वाचक आपसूक मिळाला. २०२० साली कोविडमुळे वर्ग बंद झाले, अनेक मुले घरी पडद्यासमोर बसली, आणि वाचक व मार्गी यांच्यातील अंतर मिटले. अंतर मिटताच उपरोध विरला. उरले ते निव्वळ स्मरणरंजन. संहितेचे सामर्थ्य म्हणून जे वाखाणले गेले, त्याचा बराच भाग वर्गाकडून उसना घेतलेला होता. ज्यांच्या घरी पडदाही नव्हता त्या मुलांना तर मार्गीचे एकाकीपणही वाट्याला आले नाही; यंत्रावाचून राहिलेले मूल या कथेच्या २१५७ सालात कोठेच आढळत नाही.